हमदुल्ला तांडेलाचा चेहरा

अनंता राऊत मुंबईहून चित्रकला शिकून चौलला परतला, तेव्हा त्याच्या वडिलांना, तात्यांना, वाटलं होतं की आता पोरगा देवादिकांच्या तसबिरी काढील आणि घराण्याचं नाव करील. पण अनंताला देवांच्या चेहऱ्यांत गोडी नव्हती. ते आधीच ठरलेले असतात, असं तो म्हणे. त्याला बाजारातली, बंदरावरची, वाडीत सुपारी उतरवायला येणारी माणसं समोर बसवून कोळशानं काढायची असत. रेवदंड्याच्या शाळेत तो ड्रॉइंग शिकवी, आणि घरी आला की कोळशाच्या कांड्यांनी बोटं काळी करून घेई.

मुंबईतल्या गुरूंनी त्याला एक गोष्ट पक्की पढवली होती. नाक-डोळे हुबेहूब उतरले म्हणजे चित्र झालं असं नाही. माणूस त्या घडीला आतून कसा होता, ते कागदावर आलं पाहिजे. म्हणून प्रत्येक चित्राखाली त्या भावाचं नाव एका शब्दात लिहायचं. शब्द सापडला नाही तर चित्र फसलं असं समजायचं. चौलला आल्यावरही अनंतानं हा नेम सोडला नव्हता. तात्यांच्या चित्राखाली त्यानं 'हट्ट' असं लिहिलं होतं आणि तात्या बरेच दिवस त्याच्याशी धड बोलले नव्हते.

१९३३ सालच्या कार्तिकात हमदुल्ला तांडेल सुपारीच्या गोण्या न्यायला राऊतांच्या वाडीत आला. तो नजमुद्दीन शेठच्या मचव्याचा तांडेल, शिडाची मालबोट हाकणारा. रेवदंड्याहून मुंबईला माल न्यायचा, तिकडून किराणा आणि कापड आणायचं, हे त्याचं सारं आयुष्य. वय पन्नाशीचं, अंगानं उंच, तोंड खाऱ्या वाऱ्यानं रापलेलं, दाढी मेंदीनं लालसर. अनंता त्याला लहानपणापासून बघत आला होता. पण त्या सकाळी विहिरीजवळच्या उजेडात तो उभा राहिला आणि अनंताला वाटलं, हा चेहरा काढलाच पाहिजे.

"आमच्यात तसबीर काढून घेत न्हाय, मास्तर," हमदुल्ला म्हणाला.

"कोळशाची तर आहे. फुंकर मारली तरी उडून जाईल."

हमदुल्ला हसला. गोण्या अजून शिवून व्हायच्या होत्या, तेव्हा बसायला वेळ होता. तो विहिरीच्या काठावर बसला. अनंतानं फळीला कागद लावला आणि शेजारी पावाचा एक तुकडा ठेवला.

"पाव कशाला?"

"चुकलं तर पुसायला. पावाचा गर कोळसा चांगला उचलतो."

"म्हंजे खायच्या चीजेनं माझं थोबाड पुसणार," हमदुल्ला म्हणाला, आणि त्याच्या मागून कुणीतरी खो खो हसलं. तो भिकू होता, मचव्यावरचा खलाशी. कोळीवाड्यातला तिशीचा तरुण. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हापासून हमदुल्लानं त्याला मचव्यावर घेतलं होतं, आणि आता तांडेलाची सावली असावी तसा तो त्याच्याबरोबर हिंडे. अनंताच्या पाठीशी उभा राहून तो कागदाकडे बघत राहिला. "नाक जमलंय, तांडेल," तो म्हणाला. "मचव्याच्या नाळेसारखं, पुढं टोक काढून आलंय."

सबंध सकाळ अशी गमतीत गेली. चेहऱ्याची ठेवण आली, दाढी आली, ओठांच्या कडेला हसू आलं. अनंताला ते आवडलं, पण मनातून तो थोडा हिरमुसला. हसरा तांडेल कुणीही काढला असता.

दुसऱ्या दिवशी हमदुल्ला आला तो निराळाच. वाडीतून येताना पाटाच्या कडेला त्याचा पाय अडखळला आणि भिकूनं चटकन त्याचं कोपर धरलं. येऊन तो विहिरीच्या काठावर बसला, पण बोलेना. भुवया आवळलेल्या, डोळे बारीक केलेले, आणि नजर अशी रोखलेली की अनंतालाच कसंतरी वाटू लागलं.

"काय झालं, हमदुल्लाभाई? घरी सगळं ठीक ना?"

"अल्लाची मेहर हाय. तुम्ही काढा."

अनंतानं पुन्हा विचारलं नाही. त्यानं पावाचा गर घेतला आणि आदल्या दिवशीचं हसू पुसून टाकलं. मग तो भराभर काढत गेला. कपाळावरच्या आठ्या, आवळलेला जबडा, नाकपुडीखालची सावली. डाव्या डोळ्याच्या बाहुलीत त्याला एक फिकट, राखाडी डाग दिसला. विहिरीच्या पाण्यातलं आभाळ डोळ्यात चमकत असेल, असं त्याला वाटलं. त्या डागानं नजर मंद वाटत होती. म्हणून त्यानं तिथं कोळसा दाबून फिरवला, बाहुली गर्द काळी केली, आणि त्यासरशी सारा चेहरा जिवंत झाला. असं चित्र त्याच्या हातून याआधी झालं नव्हतं.

संध्याकाळी त्यानं ते बायकोला, प्रमोदिनीला, दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"डोकं दुखत असेल त्यांचं," ती म्हणाली.

"तुला डोकेदुखी दिसते यात? अगं, ओठ बघ कसे आवळलेत. नजर बघ."

"मग काय आहे?"

अनंता चित्रापुढे येरझारा घालत राहिला. आधी त्याला 'करारी' हा शब्द सुचला. मग 'चिंता'. पण चिंता करणारा माणूस समोर बघत नाही, तो खाली नाहीतर आत बघतो. हा समोर बघत होता, डोळे ताणून बघावं तसा. शेवटी त्यानं चित्राखाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'भीती'. शेजारी तारीख घातली.

"कसली भीती?" प्रमोदिनीनं विचारलं.

"ते त्याचं त्याला ठाऊक. मला ती दिसली, एवढं बस."

सकाळी शाळेत नेऊन त्यानं ते चित्र ड्रॉइंगच्या वर्गात भिंतीला लावलं. भाव कसा पकडायचा, हे त्याला मुलांना दाखवायचं होतं. तो मुलांना भुवया आणि ओठ समजावून सांगत होता, त्याच वेळी हमदुल्लाचा मचवा सुपारी भरून रेवदंड्याच्या खाडीतून बाहेर पडला.

दुपार कलली तशी हवा बदलली. कार्तिकात असं वादळ कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. वारा वायव्येकडून आला तो झाडं पिळवटत आला. राऊतांच्या वाडीतल्या कितीतरी पोफळी मोडून पडल्या. समुद्रावर गेलेल्या बोटी मिळेल त्या खाडीत शिरू लागल्या. हमदुल्लानंही मचवा फिरवला आणि रेवदंड्याची वाट धरली. खाडीच्या तोंडाशी, कोर्लईच्या बाजूला, अंधार पडता पडता मचवा खडकावर गेला. पाच माणसं होती. हमदुल्ला आणि एक खलाशी लाटांबरोबर काठाला लागले. भिकू आणि दुसरे दोघे गेले. भिकूचं प्रेत पुढं मिळालं. बाकीच्या दोघांचं मिळालंच नाही.

गावावर अवकळा आली. चार-पाच दिवस कोळीवाड्यात कुठल्या घराची चूल धड पेटली नाही. मग कुणा मुलानं घरी जाऊन सांगितलं की मास्तरांनी तांडेलाचं चित्र काढलंय आणि त्याखाली 'भीती' लिहिलंय, वादळाच्या आदल्या दिवशी. तिथून लोक शाळेत येऊ लागले.

ते दारात वहाणा काढून वर्गात येत आणि भिंतीपाशी उभे राहत. ज्याला वाचता येई तो तारीख मोठ्यानं वाची. "बघा डोळे. याला वास लागला होता वादळाचा." दुसरा म्हणे, "एवढी वर्षं समुद्रावर काढलेला माणूस. याला न्हाय कळणार तर कुणाला?" तिसरा म्हणे, "कळलं होतं, तरी नेलंन पोरांना." एक म्हातारा कोळी नुसता चित्राकडे बघून थुंकला आणि निघून गेला.

पहिल्या दिवशी अनंताला आत कुठंतरी बरं वाटलं. आपण जे पाहिलं ते खोटं नव्हतं, असं त्याला वाटलं. हे वाटणं त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला स्वतःची किळस आली. त्या रात्री तो जेवला नाही.

नजमुद्दीन शेठ येऊन गेले. सभ्य माणूस, आवाज कधी न चढवणारा. चित्रापुढं उभं राहून त्यांनी हातातली जपाची तसबी जराशी फिरवली. "मास्तर, चौकशीला अलिबागेहून अंमलदार येणार आहेत. हे त्यांना दाखवा. मचवा नवा होता, शीड नवं होतं. लोक उगाच मालकाचं नाव घेतात. तांडेलाच्या मनात काय होतं ते या कागदावर आहे."

"हे चित्र आहे, शेठ. कबुलीजबाब नाही."

"शब्द तर तुम्हीच लिहिलाय," शेठ म्हणाले, आणि सलाम करून गेले.

आणि एका दुपारी शाळा सुटल्यावर ठमाबाई आली. भिकूची बायको. कपाळ मोकळं, हातात बांगड्या नाहीत. ती चित्राच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

"मला वाचता येत न्हाय, मास्तर. काय लिवलंय खाली?"

"भीती."

"कशाची?"

अनंतानं हातातला खडू टेबलावर ठेवला.

"तुम्ही त्याच्या तोंडाकडं बघत बसलावता. माझ्या माणसानं सांगितलं मला घरी येऊन, मास्तर कसे काढतात, पावानं कसे पुसतात. मला एवढंच सांगा, तांडेलाला ठाव होतं का, काय होणार ते?"

"मला माहीत नाही, ठमाबाई."

"मग लिवलंत कशाला?"

तिनं हे रागानं विचारलं नाही. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. ती आणखी थोडा वेळ थांबली आणि पदर सावरून गेली.

अनंता तसाच उठला आणि हमदुल्लाच्या घरी गेला. वादळानंतर त्या घरी तो गेलाच नव्हता. अंगणात कुणी नव्हतं. दाराशी आबिदाभाबी, हमदुल्लाची बायको, तांदूळ निवडत बसली होती. अनंताला बघून तिनं ओढणी पुढं ओढली आणि आत जायची वाट दिली.

हमदुल्ला खाटेवर बसला होता. एक हात फडक्यानं गळ्यात बांधलेला. अनंता दारातल्या उजेडात त्याच्यापुढं उभा राहिला, चार हातांवर.

"कोण हाय?" हमदुल्लानं विचारलं.

त्यानं मान वर केली होती. भुवया आवळलेल्या, डोळे बारीक केलेले, नजर रोखलेली. विहिरीच्या काठावर होता तोच चेहरा. आणि डाव्या डोळ्याच्या बाहुलीत तो फिकट डाग होता. इथं विहीर नव्हती, पाणी नव्हतं. तांदळाच्या पेजेसारखा पांढुरका पडदा डोळ्यातच होता.

अनंता खाली बसला.

"मी अनंता, हमदुल्लाभाई."

"मास्तर. या." हमदुल्ला जरा थांबला. "कळलं ना तुम्हाला आता?"

"कधीपासून?"

"डावा तर गेल्या पावसाळ्यातच गेला. उजव्याचा भरवसा होता. दिसायचं अंधुक, पर दिसायचं. तुमच्याकडं दुसऱ्या दिवशी आलो ना, त्या दिवशी फजरच्या नमाजाला उठलो, काठावर गेलो, तर कोर्लईचा किल्ला दिसेना. वाटलं धुकं हाय. भिकूला म्हटलं, धुकं लई पडलंय. तो काय बोलेना. मग म्हणाला, तांडेल, लख्ख हाय."

बाहेर आबिदाच्या सुपाचा आवाज थांबला होता.

"तुमच्यापुढं बसलो तवा मी तेच बघत होतो, मास्तर, तुमचं तोंड किती दिसतंय ते. नाक दिसत होतं. टोपी दिसत होती. डोळे न्हवते दिसत."

"मग बोलला का नाहीत? मचव्यावर का गेलात?"

"भिकू म्हणाला, एवढी एक खेप करू, मी नाळेवर उभा राहतो, तुम्ही माझ्या आवाजावर सुकाण धरा. परत आलो की शेठला सांगू. लई दिवस तसंच चाललं होतं आमचं. तो बघायचा, मी हाकायचो. त्याची नजर नि माझा हात." हमदुल्लानं आपला बरा हात मांडीवर उपडा ठेवला. "आभाळ साफ होतं. वादळाचा मला तरी काय वास न्हाय आला. कुणालाच न्हाय आला. परत येताना खाडीच्या तोंडाशी तो वरडत होता, डावीकडं, उजवीकडं. मी आवाजावर येत होतो. मग एक लाट आली नाळेवर. आवाज थांबला. मी हाका मारल्या त्याला. मग खडक लागला."

अनंताला आपल्या बोटांवरचा कोळसा दिसत होता. दोन सकाळी तो या डोळ्यांकडे बघत बसला होता. त्यांत त्यानं करारीपणा पाहिला होता, चिंता पाहिली होती, भीती पाहिली होती. डोळ्यांना दिसत नाही, एवढंच त्याला दिसलं नव्हतं. उलट तो पडदा त्यानं स्वतःच्या हातानं काळा करून टाकला होता.

तो निघाला तेव्हा आबिदानं त्याला दारात अडवलं. "मास्तर, बाहेर बोलू नका हे. वादळ ठाऊक असून गेला म्हणतात तर म्हणू द्या. लोक बोलतील आणि थकतील. आंधळा मचवा हाकत होता असं झालं, तर माझ्या पोरांना कुणी बोटीवर पाऊल ठेवू देणार न्हाय. जन्माचा बट्टा लागेल."

"मी कुणाला सांगणार नाही, भाबी."

पण घरी आल्यावर त्यानं प्रमोदिनीला सांगितलं. तिच्यापासून लपवणं त्याला जमलं नसतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"निदान तो शब्द तरी पुसा," ती म्हणाली.

"आता पुसला तर लोक म्हणतील मास्तर फिरले. शेठनं तर अंमलदारांना कळवूनही टाकलंय चित्राबद्दल."

"ठमाबाईला काय सांगाल?"

ठमाबाईनं विचारलं होतं की तांडेलाला ठाऊक होतं का. वादळाचं ठाऊक नव्हतं, हे खरं. पण ते सांगितलं तर पुढचा प्रश्न येणार, मग ही भीती कशाची. आणि आपल्या नवऱ्याला पुढं उभं करून तो मचवा चालत होता, हे जाणून घ्यायचा तिला हक्क होता की नव्हता? अनंता त्या विचारानं झोपेना. शाळेत तो मुलांना मडकी आणि पानं काढायला देऊ लागला.

चौकशी बंदरावरच्या चावडीत झाली. अंमलदार वयस्क आणि शांत होते. बाहेर ओट्यावर कोळीवाडा आणि मोहल्ला, दोन्ही गोळा झाले होते. ठमाबाई खांबाला टेकून बसली होती. अनंतानं चित्र नेऊन टेबलावर ठेवलं. अंमलदारांनी चष्मा लावून ते नीट पाहिलं.

"फार चांगलं काढलंय," ते म्हणाले. "हा शब्द तुम्हीच लिहिलात?"

"हो."

"यांना भीती वाटत होती असं यांनी तुम्हाला सांगितलं?"

"नाही. मी विचारलं तेव्हा सगळं ठीक आहे म्हणाले."

"मग कशावरून लिहिलंत?"

अनंतानं चित्राकडे पाहिलं. टेबलावर आडवं पडलेलं ते त्याला ओळखीचं वाटेना. "भुवया, ओठ, नजर यांवरून. मला वाटायचं की चेहऱ्यावरून माणसाच्या मनातलं सांगता येतं. मी तो शब्द जुळवला, साहेब. तो माझा आहे, यांचा नाही. त्यावरून यांना वादळ कळलं होतं असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही."

"खरं नाही हे तुम्हाला कसं ठाऊक?"

ओट्यावर कुजबूज थांबली होती. ठमाबाई त्याच्याकडे बघत होती. "चित्रातून ते ठरत नाही, एवढंच मी सांगू शकतो," तो कसाबसा म्हणाला.

शेठनी मान हलवली. अंमलदारांनी काहीतरी लिहून घेतलं आणि हमदुल्लाला पुढं बोलावलं.

तो आबिदाच्या खांद्यावर हात ठेवून आला. गावातल्या कुणी त्याला असं चालताना पाहिलं नव्हतं. दुखऱ्या हातामुळं आधार घेतला असेल, असं लोकांना वाटलं. टेबलाशी येऊन त्यानं हात काढून घेतला आणि सरळ उभा राहिला.

"साहेब, मास्तर मला सांभाळून घेतायत. मला वादळ कळलं न्हवतं. पर मला दिसत न्हाय. मचवा निघाला तवाही धड दिसत न्हवतं."

आबिदानं डोळे मिटून घेतले. हमदुल्लानं मग सगळं सांगितलं, अनंताला सांगितलं होतं तसंच, कुठं न थांबता. भिकूचा आवाज कसा थांबला इथपर्यंत आला तेव्हा मात्र त्याचा स्वर फाटला.

ओट्यावर एकदम गलका झाला. कुणी शिवी हासडली, कुणी त्याला गप्प केलं. नजमुद्दीन शेठ उठून उभे राहिले होते आणि त्यांच्या तोंडाला रंग उरला नव्हता. तेवढ्यात ठमाबाई गर्दीतून पुढं आली. लोकांनी वाट दिली. ती हमदुल्लाच्या समोर येऊन उभी राहिली.

"माझ्या माणसाला ठाव होतं हे?"

हमदुल्लानं आवाजाच्या रोखानं तोंड वळवलं. "व्हय, ठमा."

"किती दिवस?"

"पावसाळ्यापासनं."

"घरी न्हाय बोलला तो. मला एका शब्दानं न्हाय बोलला." ती हळू बोलत होती, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "रोज बाजूला जेवायला बसायचा."

"मीच शपथ घातली होती त्याला."

"त्यानं का घेतली?" ठमाबाई म्हणाली. तिनं त्याच्याकडे, मग टेबलावरच्या चित्राकडे पाहिलं. ती वळली आणि एकटीच समुद्राच्या बाजूनं चालत निघाली. तिची नणंद तिच्यामागून धावली.

अंमलदारांनी निकालात वादळालाच दोष दिला. त्या दिवशी या किनाऱ्यावर डोळस तांडेलांच्याही बोटी फुटल्या होत्या, असं त्यांनी नोंदवलं. हमदुल्लाची तांडेलकी अर्थातच गेली. कुणी म्हणे, त्यानं निदान खरं सांगितलं. कुणी म्हणे, तीन माणसं गेल्यावर खरं सांगून काय उपयोग. आबिदा म्हणाली होती तसंच झालं. तिच्या थोरल्या मुलाला रेवदंड्यात कुणी बोटीवर घेतलं नाही. तो म्हसळ्याला मामाकडे लाकडाच्या वखारीत कामाला गेला. ठमाबाई मासळीची पाटी घेऊन चौलच्या आळ्या फिरू लागली. आबिदानं दोनदा तिच्याकडे तांदूळ पाठवले, आणि दोन्ही वेळा ते आले तसे परत गेले.

माघात चौकशीचे कागद आवरले गेले आणि चित्र अनंताकडे परत आलं. मधोमध त्याला एक घडी पडली होती. ते घेऊन तो हमदुल्लाकडे गेला. हमदुल्ला अंगणात सावलीत बसून काथ्याचा दोर वळत होता. आता त्याला उजव्या डोळ्यानं उजेड आणि सावली तेवढी कळत होती.

"आणलंत का ते?" अनंतानं चित्र परत आल्याचं सांगितलं तसं त्यानं विचारलं. "मी कधी पाहिलंच न्हाय. सांगा बघू, काय काय काढलंय."

अनंता त्याच्याजवळ बसला. सांगू लागला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की असं नुसतं सांगणं किती अवघड आहे. "कपाळावर तीन आठ्या आहेत. मधली तुटलेली. डावा कान उजव्याहून मोठा आहे."

"बापाचा तो."

"नाक लांब. दाढी हनुवटीखाली जरा विरळ. गळ्याची शीर ताठलेली."

"आणि डोळे?"

"डोळे मी चुकीचे काढले, हमदुल्लाभाई. काळेभोर केलेत."

हमदुल्लाची बोटं काथ्यावर थांबली. मग त्यानं पुन्हा पीळ द्यायला सुरुवात केली. दारात उभी असलेली आबिदा पुढं आली. तिनं अनंताच्या हातून चित्र घेतलं आणि उन्हाकडे धरलं.

"आमचं लगीन झालं तवा डोळे असेच होते," ती म्हणाली. "आमच्यात भिंतीला लावत न्हाय. पर मी पेटीत ठेवीन. खाली लिवलंय ते तेवढं कापून द्या."

अनंतानं कागद मांडीवर घेतला, खालची कडा नखानं दुमडली आणि ती पट्टी जपून फाडून काढली. वरून एक कोरा कागद ठेवा, नाहीतर कोळसा पुसेल, असं त्यानं आबिदाला सांगितलं. पट्टी त्यानं खिशात घातली.

परतताना वाट कोळीवाड्यावरून होती. ठमाबाई अंगणात बोंबील वाळत घालत होती. अनंता कुंपणाशी थांबला. काहीतरी विचारावं, निदान कशी आहेस असं म्हणावं, असं त्याला वाटलं. तिनं त्याला पाहिलं, हातातला बोंबील दोरीवर घातला, आणि पाठ करून ती पुढच्या दोरीकडे गेली.